नाव थोरल्याचे, भाव धाकट्याचा

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळच्या वेळी नाना तऱ्हेचे व्यवहार ठरत असतात. स्थळांची बोलणी होतात, भाड्याच्या अनामतीवर घासाघीस होते आणि अलीकडे जुन्या वस्तूंची देवघेवही होते. मोबाइलवरील जाहिरात वाचून आलेला ग्राहक आणि पाठीवर लांबट काळी पिशवी अडकवून आलेला विक्रेता येथे समोरासमोर येतात. पिशवीत असते बेस गिटार. पिशवीची चेन उघडण्यापूर्वीच विक्रेता एक मोठे नाव उच्चारतो, ग्राहक ते ऐकून दबतो आणि वाद्य पाहण्याआधीच त्याचा भाव अर्धाअधिक ठरून जातो.

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची, नेहमीच्या गिटारहून एक सप्तक खाली बोलणारी गिटार. गाण्यात ती चटकन ओळखू येत नाही. पण काढून घेतली तर गाणे पोकळ वाटते. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांनी हिंदी चित्रपटगीतांना हा खालचा आधार दिला. आता ती ध्वनिमुद्रणगृहापुरती राहिलेली नाही. चर्चचे गायकवृंद, महाविद्यालयांचे बँड, उत्सवांतील वाद्यवृंद आणि आपल्या समाजातील भक्तिसंध्या, सर्वत्र ती दिसते. ज्या घरांत पूर्वी पेटी आणि तबला एवढीच वाद्ये असत, तेथे आज एखादी बेस गिटार कपाटावर पडून असते आणि केव्हातरी तिचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहतो.

दादरमधील एखाद्या कापड व्यापाऱ्याचे असे घर डोळ्यांसमोर आणावे. नातू पाच वर्षे भक्तिसंध्यांमध्ये बेस वाजवीत होता. आता उच्च शिक्षणासाठी परदेशी निघाला आहे. ग्राहकही मिळाले आहे. गोखले रोडवरील पोर्तुगीज चर्चजवळ राहणारी एक विद्यार्थिनी, शिकवण्या करून पैसे जमवणारी. नातू तीस हजार मागणार आहे.

“तीस कसे रे?” आजोबा विचारतात.

“आजोबा, ही फेंडरची आहे. फेंडरची अमेरिकन बेस दोन लाखांच्या घरात जाते. मी तर तीसच मागतोय.”

आजोबा चष्मा लावून गिटारच्या माथ्यावरची अक्षरे वाचतात. तेथे मोठ्या अक्षरांत ‘स्क्वायर’ असते आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘बाय फेंडर’.

“त्याच मिलचं सुटिंग आणि त्याच मिलचं अस्तर आपण कधी एका भावानं विकलं का?”

या एका प्रश्नात साऱ्या मूल्यमापनाचे बीज आहे. पण मोठ्या कंपनीने स्वतःच्याच मालाची स्वस्त आवृत्ती का काढावी, हे कळल्याशिवाय तिचा जुना भाव कळत नाही. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातून १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. मानेवर पडद्या असल्यामुळे स्वर अचूक लागतो, म्हणून ते नाव. १९६० साली ‘जॅझ बेस’ आली. १९६५ साली फेंडरने स्क्वायर ही तारा बनवणारी जुनी अमेरिकन कंपनी विकत घेतली आणि ते नाव बरीच वर्षे बाजूला राहिले. पुढे जपानी कारखाने फेंडरच्या हुबेहूब नकला इतक्या सफाईने करू लागले की मूळ मालाची विक्री घटू लागली. त्यावर तोडगा म्हणून १९८२ साली फेंडरने जपानमध्येच गिटार बनवून घेतल्या आणि त्यांना स्क्वायरचे नाव दिले. आपली नक्कल दुसऱ्याने करण्यापेक्षा आपणच अधिकृतपणे करावी, हा तो हिशेब होता. गिब्सनकडे एपिफोन हे नाव १९५७ पासूनच होते. तेही पुढे आशियात बनणाऱ्या स्वस्त गिटारसाठी वापरात आले. १९७६ साली अवतरलेल्या म्युझिक मॅनच्या ‘स्टिंगरे’ या बेसलाही आज ‘स्टर्लिंग’ नावाचा धाकटा भाऊ आहे.

धाकटा भाऊ म्हणजे खोटा माल नव्हे. आराखडा तोच, मानेची लांबी तीच. प्रमाण तारलांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर. फरक असतो तो लाकडात, धातूच्या भागांत, विजेच्या जोडणीत आणि कारागिराने दिलेल्या वेळेत. स्क्वायरच्या ‘अफिनिटी’ मालिकेत अंगासाठी पॉप्लरचे लाकूड येते, तर अमेरिकन फेंडरमध्ये बहुधा आल्डरचे. एक तपशील जैन घरांनी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. तारा ज्या छोट्या पट्टीवरून माथ्याकडे जातात, तिला ‘नट’ म्हणतात. महाग वाद्यांत आणि काही मधल्या मालिकांतही ती हाडाची असते. स्वस्त मालिकांत कृत्रिम पदार्थाची. येथे कमी किमतीचा मालच आपल्या घराला अधिक मानवणारा निघतो.

आता भाव. नातवाने केलेली चूक सार्वत्रिक आहे. धाकट्याचा भाव तो थोरल्याच्या किमतीवरून खाली मोजत आला. मोजायला हवा तो धाकट्याच्याच आजच्या नव्या किमतीवरून. तीच मालिका, तोच नमुना आज दुकानात नवा कोरा कितीला मिळतो? छापील किमतीला नव्हे, प्रत्यक्ष कितीला? १८६५ पासून मुंबईत वाद्ये विकणाऱ्या फुर्टाडोजसारख्या पेढीत किंवा अन्य दुकानांत चौकशी केली की पाच मिनिटांत उत्तर मिळते. सणासुदीच्या सवलतीनंतर नवी गिटार जेवढ्याला हाती पडते, तेवढे जुन्या गिटारचे छप्पर. त्याला टेकणारा भाव मागणे म्हणजे हमीपत्र, बदलून घेण्याची सोय आणि नवेपणा या तिन्ही गोष्टी फुकट समजणे.

छपरापासून खाली किती यावे, याचा शास्त्रीय कोष्टकात बसणारा आकडा नाही. चांगल्या अवस्थेतील स्वस्त आवृत्तीसाठी साठ टक्क्यांपासून बोलणी सुरू करावीत, हा व्यवहारी अंदाज. थोरल्या वाद्याची घसरण पुष्कळदा याहून कमी असते, कारण त्याला संग्राहक आणि व्यावसायिक वादक असा तयार ग्राहक असतो. धाकट्याचे तसे नाही. नवा माल कारखान्यातून सतत येत असतो आणि घेणारा बहुधा शिकाऊ असतो.

परंतु खरे कारण आणखी खोल आहे आणि व्यापाऱ्याला ते लगेच पटेल. दुरुस्तीची मजुरी नाव पाहून कमी होत नाही. झिजलेल्या पडद्या घासून सारख्या करण्याचे काम दोन लाखांच्या गिटारवर जेवढे, तेवढेच तीस हजारांच्या गिटारवर. तारांचा संच दोघींना तोच लागतो. पाच हजारांची दुरुस्ती थोरलीच्या किमतीत अडीच टक्के होते. धाकटीची सहावा हिस्सा खाऊन टाकते. म्हणून स्वस्त आवृत्तीत दोषाची किंमत टक्केवारीने धरायची नसते. दोष रुपयांत मोजून भावातून सरळ वजा करायचा असतो.

तेव्हा दोष शोधता आले पाहिजेत. मुंबईची दमट हवा या वाद्याची मोठी शत्रू. मानेच्या पोटात ‘ट्रस रॉड’ नावाची लोखंडी सळी असते. तारांच्या ओढीने मान वाकते, तेव्हा ती सळी फिरवून मान सरळ करतात. ही सळी गंजून अडकली असेल, तर भाव अर्ध्यावर आला तरी वाद्य घेऊ नये. मान पाहण्याची युक्ती सोपी आहे. तार पहिल्या पडदीवर आणि शेवटच्या पडदीजवळ एकाच वेळी दाबावी आणि मधल्या भागात तार व पडदी यांत किती फट राहते ते पाहावे. व्हिजिटिंग कार्ड अलगद जाईल एवढी फट ठीक. मोठी पोकळी दिसली किंवा तार टेकलीच, तर सळी फिरते की नाही याची खात्री करून घ्यावी. बाराव्या पडदीवर दाबलेला स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात लागतो का, तेही ऐकावे. ‘स्टिंगरे’ जातीच्या वाद्यांत नऊ व्होल्टची बॅटरी असते. ती वर्षानुवर्षे आतच राहून पाझरली असेल, तर जोडणी खराब होते. झाकण उघडून पाहण्यास संकोच करू नये. अंगावरचे ओरखडे मात्र फारसे मनावर घेऊ नयेत.

वाद्याला नंतर केलेला साज हा भांडणाचा विषय असतो. नातवाने नऊ हजार खर्चून परदेशी ‘पिकअप’ बसवले आहेत आणि ते नऊ हजार त्याला भावात हवे आहेत. भाड्याच्या दुकानात केलेल्या सुतारकामाचे पैसे पुढचा भाडेकरू पूर्ण देत नाही, तसेच हे. मूळ पिकअप जपून ठेवले असतील, तर ते परत बसवावेत आणि महागडे वेगळे विकावेत. दोन्ही मिळून अधिक येतात.

या नियमांना एक मोठा अपवाद आहे. १९८२ ते १९८४ या काळात जपानच्या फुजिजेन कारखान्यात बनलेल्या, ‘जेव्ही’ अक्षरांनी अनुक्रमांक सुरू होणाऱ्या स्क्वायर गिटार आज संग्राहक शोधत फिरतात. एखाद्या जुन्या वादकाच्या घरून अशी गिटार निघाली, तर साठ टक्क्यांचा हिशेब लावणे हा त्या कुटुंबावर अन्याय ठरेल. अनुक्रमांक वाचणे म्हणूनच महत्त्वाचे. अलीकडच्या स्क्वायरवर ‘आयसीएस’ अक्षरे असतील, तर माल इंडोनेशियातील कॉर्टच्या कारखान्यातील, आणि पुढचे दोन अंक सहसा वर्षाचे.

अनुक्रमांक पाहण्याचे दुसरे कारण अप्रिय आहे. स्क्वायरचे नाव खरवडून माथ्यावर फेंडरची चिकटपट्टी लावण्याचे उद्योग जगभर चालतात. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे, तो हाच. अस्सलाच्या नावाखाली तसा दिसणारा हलका माल देणे. चोरीचा माल घेणे, म्हणजे ‘तदाहृतादान’, हाही त्यातच येतो. तेव्हा मूळ बिल मागावे, क्रमांक पडताळावा. बिल हरवले असेल, तर निदान लेखी पावती घ्यावी.

दुकानदाराकडून जुने वाद्य घेतल्यास भाव थोडा चढा असणे रास्तच आहे. त्याने ते तपासलेले असते, जागेचे भाडे भरलेले असते. जुन्या मालाच्या नोंदणीकृत विक्रेत्याला अटी पाळल्यास जीएसटी केवळ खरेदी-विक्रीतील फरकावर भरावा लागतो, हेही घासाघीस करताना लक्षात असू द्यावे. घरच्या वापरातील वाद्य एका खासगी व्यक्तीने दुसरीला विकले, तर त्यावर कर नाही.

आजोबांचा हिशेब बिलाच्या पाठीवर मांडून होतो. नवी गिटार, समजा, सवलतीत २९,००० ला. साठ टक्के म्हणजे १७,४००. तारा काळवंडलेल्या, २,००० वजा. पडद्या व मान सारखी करून घेण्याचे १,५००. पिशवी चांगली जाडजूड आहे, तिचे १,००० अधिक. झाले १४,९००. पाच वर्षांपूर्वी ही गिटार २२,००० ला घेतली होती, हे नातू दोनदा सांगतो. तो आकडा आजोबा लिहीतच नाहीत. पिकअप मात्र तो त्याच रात्री बदलतो.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर ती मुलगी येते. मैदान शांतता क्षेत्र, म्हणून खिशात मावेल एवढा ॲम्प्लिफायर आणि कानाला हेडफोन. आवाजाचे बटण फिरवताना खरखर ऐकू येते.

“हे बटण बदलावं लागेल, आजोबा.”

“किती जातील त्याचे?”

“चारशे-पाचशे.”

“पाचशे धर.”

१४,४०० ठरतात. पावती लिहिताना आजोबा नातवाकडून अनुक्रमांक मोठ्याने वाचून घेतात आणि ‘स्क्वायर’ हे नाव स्वतःच्या हाताने ठळक अक्षरांत लिहितात.