डोळ्यांतून पाणी येते, तरी डोळे कोरडेच!

तुळजापूरच्या मंदिर परिसरात भर दुपारी काही काळ उभे राहिले, तर माणसाच्या डोळ्यांना काय काय सोसावे लागते याची कल्पना येते. बालाघाटाच्या माथ्यावरून येणारा कोरडा वारा, वाहनांमागे उठणारी धूळ, उधळलेल्या हळद-कुंकवाची पूड, कापराचा, उदाचा आणि पेटत्या पोतांचा धूर. यात्रेकरू दर्शन घेऊन काही तासांत परततो. कुंकू-कवड्यांची दुकाने मांडून बसणारे विक्रेते, पुजारी, फुलवाले, रिक्षाचालक आणि बंदोबस्तावरील पोलीस यांच्या डोळ्यांवर मात्र हा मारा वर्षभर होत असतो.

अशा वातावरणात राहणाऱ्यांना जडू शकणारी एक चिवट तक्रार म्हणजे डोळ्यांचा कोरडेपणा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, चुरचुरते, संध्याकाळी पापण्या जड होतात, वाचताना अक्षरे मधूनच धूसर होतात. डोळा वरवर पाहता चांगला दिसतो, त्यामुळे घरच्यांना त्रासाची कल्पना येत नाही. मग ओळखीच्या कोणी सांगितलेले थेंब आणले जातात. आठवडाभर बरे वाटते आणि दुखणे पुन्हा मूळपदावर येते. एका बाटलीकडून दुसऱ्या बाटलीकडे होणारा हा प्रवास वर्षानुवर्षे चालतो. तो थांबवायचा असेल, तर ‘कोणता थेंब चांगला?’ या प्रश्नाआधी ‘डोळा कोरडा का पडला?’ हा प्रश्न विचारायला हवा.

अश्रू म्हणजे केवळ पाणी नव्हे

रडताना येतात तेवढेच अश्रू, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक उघड्या डोळ्यावर अश्रूंचा अत्यंत पातळ थर सतत पसरलेला असतो. त्याचे तीन घटक मानले जातात. डोळ्याला लगटून असणारा चिकट श्लेष्मल भाग पाण्याला पृष्ठभागावर धरून ठेवतो. मधला पाणीदार भाग अश्रुग्रंथींमधून येतो. त्यात क्षार आणि जंतूंचा प्रतिकार करणारी प्रथिने असतात. सर्वांत वर तेलकट पदार्थाचा तवंग असतो. तो पापण्यांच्या कडेला ओळीने असलेल्या मायबोमियन ग्रंथींमधून स्रवतो. सतराव्या शतकात या ग्रंथींचे वर्णन करणारे जर्मन वैद्य हाइनरिश मायबोम यांच्यावरून त्यांना हे नाव पडले.

तापवलेल्या दुधावर साय धरली की खालच्या दुधाची वाफ कमी होते, तसेच काम हा तवंग करतो. ग्रंथींची तोंडे बुजली, आतले तेल घट्ट झाले, तर पाणी पुरेसे असूनही ते भराभर उडून जाते. कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांत हा बाष्पीभवनाचा प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. मुळात पाणीच कमी तयार होणे, हा दुसरा प्रकार. पुष्कळ रुग्णांत दोन्ही दोष एकत्र असतात.

वाहणारा डोळा कोरडा कसा?

‘डोळ्यांतून सारखे पाणी गळते आणि डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे आहेत,’ हे ऐकून रुग्ण बुचकळ्यात पडतो. त्यात विसंगती नाही. बुबुळावरील पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, शरीरातील अत्यंत संवेदनशील भागांपैकी एक आहे. अश्रूंचा थर जागोजागी फाटला की तेथील मज्जातंतू मेंदूकडे तक्रार पाठवितात आणि अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. पण हे आणीबाणीचे पाणी डोळ्यावर टिकत नाही; गालावर ओघळून जाते. मोटारसायकलवर वारा लागताच डोळे वाहू लागतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. अर्थात अश्रुमार्ग बंद असणे, पापणी बाहेर वळणे किंवा जंतुसंसर्ग यांमुळेही पाणी येते. म्हणून निदान घरच्या घरी करू नये.

कारणे घरात आणि शिवारातही

कारणांची यादी केवळ धूळ-धुरावर संपत नाही. निरोगी माणूस मिनिटाला साधारण पंधरा ते वीस वेळा पापण्यांची उघडझाप करतो. मोबाइल किंवा संगणकाकडे एकटक पाहताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते आणि अनेकदा पापणी पुरती मिटतही नाही. दुकानात गिऱ्हाईक नसताना मोबाइल पाहणारा विक्रेता एकाच वेळी वारा आणि पडदा या दोघांशी झुंजत असतो. तालुक्यातील शेतकऱ्याची गोष्टही वेगळी नाही. सोयाबीनच्या मळणीतील भुसा, ज्वारीच्या राशीची धूळ आणि उन्हाळ्यातील झळा डोळ्यांचा ओलावा शोषून घेतात. चुलीचा धूर हे अनेक घरांतील जुने कारण आहे.

वय वाढते तसा हा विकार वाढतो. रजोनिवृत्तीच्या सुमारास स्त्रियांमध्ये तो अधिक दिसतो. मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि संधिवात यांच्याशी त्याचा संबंध आहे. ॲलर्जी-सर्दीच्या काही गोळ्या, नैराश्यावरील काही औषधे, मुरमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन यांनीही कोरडेपणा वाढतो. मात्र अशी औषधे स्वतःहून बंद न करता ती देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे वा महिने डोळे चुरचुरतात, तेही अनेकदा यामुळेच. ‘ऑपरेशन बिघडले’ असा ग्रह करून घेण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडत असेल, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसेल आणि सांधे दुखत असतील, तर स्योग्रेन विकाराची शंका घ्यावी लागते. स्वीडिश नेत्रवैद्य हेन्रिक स्योग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात त्याचे सविस्तर वर्णन केले. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळग्रंथींवर हल्ला करते. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे असते. येथे केवळ थेंबांनी भागत नाही. संधिवाततज्ज्ञांचा सल्ला लागतो. लहान मुलांचा कोरडा डोळा हे तर वेगळेच आणि गंभीर प्रकरण आहे. त्यासोबत रातांधळेपणा असेल, तर ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव असू शकतो आणि उपचारास विलंब झाल्यास दृष्टी जाऊ शकते.

पाच मिनिटांची पट्टी

आपल्याकडे नेत्रतपासणी म्हटले की मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबर एवढेच डोळ्यांसमोर येते. कोरडेपणाची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते. ती अवघड नाही. शिर्मर चाचणीत खालच्या पापणीत कागदाची छोटी पट्टी पाच मिनिटे अडकवितात आणि ती किती भिजली ते मोजतात. पाच मिलिमीटरही भिजली नाही, तर पाण्याची उणीव मोठी समजली जाते. दुसऱ्या चाचणीत डोळ्यात रंगद्रव्य घालून, पापणी न मिटता अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते पाहतात. हा अवधी दहा सेकंदांहून कमी असणे हे अस्थिरतेचे लक्षण होय. पापणीची कड हलकेच दाबून तेल कसे येते, हेही पाहिले जाते. पातळ, स्वच्छ तेल निरोगी. टूथपेस्टसारखे घट्ट आले, तर ग्रंथी बुजल्याचे कळते.

त्रास मोठा आणि चाचण्या जवळजवळ निर्दोष, किंवा याच्या उलट, असेही घडते. म्हणून ‘डोळ्यांत काही नाही’ याचा अर्थ ‘रुग्णाला काही होत नाही’ असा घेणे चुकीचे आहे. २०१७ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने या विकाराची व्याख्या सुधारताना मज्जातंतूंच्या संवेदनेतील बिघाडाचाही त्यात समावेश केला.

घातक शॉर्टकट

सर्वांत मोठा धोका स्टिरॉइडयुक्त थेंबांचा. त्यांनी लाली आणि जळजळ झटपट कमी होते. म्हणूनच जुन्या चिठ्ठीवर किंवा चिठ्ठीविना ते पुन्हा पुन्हा आणले जातात. दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिलेले स्टिरॉइड योग्य असते. मनाने लांबविलेले नव्हे. लाली घालविणारे थेंबही रोज वापरल्यास परिणाम उतरताच डोळे अधिक लाल होतात.

मध, एरंडेल, गुलाबपाणी, दूध यांचे घरगुती प्रयोग निर्जंतुक नसतात. काजळ पापणीच्या कडेला लावल्यास तेलग्रंथींची तोंडे बुजू शकतात. निर्जंतुकतेचे महत्त्व २०२३ साली अमेरिकेत जगाला दिसले. दूषित कृत्रिम अश्रूंशी निगडित जंतुसंसर्गात तेथे अनेकांनी दृष्टी गमावली आणि काही रुग्ण दगावले. सीलबंद बाटली, मुदतीची तारीख आणि उघडल्यानंतर साधारण महिनाभरात ती टाकून देणे, या साध्या गोष्टी म्हणूनच मोलाच्या आहेत.

आराम कशाने मिळतो?

तेलग्रंथी बुजल्या असतील, तर ऊबदार शेक हा पहिला उपाय. स्वच्छ फडके सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे. निवले की पुन्हा भिजवावे. नंतर वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर अशी हलक्या बोटाने कडेकडे चोळावी. हे रोज, निदान काही आठवडे करावे लागते. दोन दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडून देणारेच अधिक.

कृत्रिम अश्रू हा उपचाराचा कणा आहे. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा घालावे लागत असतील, तर संरक्षक रसायन नसलेले थेंब घेणे बरे, कारण तेच रसायन डोळ्याच्या पृष्ठभागाला त्रास देते. रात्री जेल वापरता येते. दोन वेगळी औषधे घालताना मध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवावे.

बाहेर काम करणाऱ्यांनी बाजूंनी झाकलेला चष्मा वापरावा. मळणीच्या वेळी तर तो हवाच. पंख्याचा किंवा कूलरचा झोत चेहऱ्यावर घेऊ नये. पडद्याकडे पाहताना दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूर पाहावे आणि पापण्या पूर्ण मिटून उघडाव्यात. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलविषयी मात्र फार आशा बाळगू नये. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत त्या ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

एवढ्याने भागले नाही, तर पुढचे मार्ग आहेत. दाह कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब परिणाम दाखवायला काही महिने घेतात. अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांत सूक्ष्म बूच बसविता येते. तीव्र विकारात रुग्णाच्या स्वतःच्या रक्तद्रवापासून थेंब तयार करतात. असे विशेष उपचार मोठ्या शहरांतील नेत्रसंस्थांत होतात. तुळजापूरकरांना सोलापूर जवळ आहे आणि नळदुर्गावरून जाणाऱ्या महामार्गाने हैदराबादही गाठता येते. तीव्र वेदना, अचानक कमी दिसणे, उजेड सहन न होणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे, यांपैकी काहीही झाल्यास मात्र थेंब बदलत न बसता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

सोबत राहणारे दुखणे

आयुर्वेदातही या तक्रारीशी मिळतेजुळते वर्णन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘शुष्काक्षिपाक’ या नेत्ररोगाचा उल्लेख येतो. म्हणजे दुखणे नवे नाही. ते बहुधा मुळापासून जात नाही, हे रुग्णाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगणे हिताचे ठरते. मधुमेह किंवा रक्तदाब जसा सांभाळावा लागतो, तसाच हा विकार सांभाळायचा असतो. सतत टोचणाऱ्या डोळ्यांनी झोप, काम आणि मनःस्थिती बिघडते. घरच्यांनी ‘नुसते डोळेच तर चुरचुरतात’ असे म्हणून ते उडवून लावू नये. कारण कळले, शेक आणि थेंबांचा नेम पाळला आणि धूळ-वाऱ्यापासून डोळे जपले, तर बहुसंख्य रुग्णांचा त्रास सुसह्य होतो. एका रात्रीत बरे करणाऱ्या बाटलीचा शोध थांबला, की खऱ्या उपचाराला सुरुवात होते.