ट्रकचालक आणि घरचा दिवस

अमेरिकेत लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा नवा चालक आठवडेच्या आठवडे घरापासून दूर असतो. कोणता माल कोठे न्यायचा हे कंपनीचा डिस्पॅचर ठरवतो. घरी परतण्याचा दिवस जवळ येताच ‘एवढी एकच फेरी करा’ असा निरोप येतो आणि नोकरी जाईल या भीतीने नवखा चालक होकार देतो.

येथे एक भेद आपण ध्यानात घ्यावयास हवा. तेथील नियमानुसार सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर, १४ तासांच्या अवधीत, सर्वसाधारणपणे ११ तासच मालट्रक चालवता येतो. हा नियम मोडण्यासाठी चालकावर दबाव आणण्यास २०१६ पासून मनाई आहे. मात्र घरी किती दिवस मिळावेत हे या नियमांत नाही. ते कंपनीशी झालेल्या बोलीवर अवलंबून असते. म्हणून ती बोली नोकरी स्वीकारतानाच लेखी करून घ्यावी. हवी असलेली तारीख बरीच आधी कळवावी आणि ती जवळ आली की घराच्या दिशेचाच माल मागावा. डिस्पॅचरही वरिष्ठांच्या ताणाखाली असतो. त्याच्यावर न चिडता ठरलेली तारीख शांतपणे पुन्हा सांगावी.

असा नकार म्हणजे उद्धटपणा नव्हे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ (१९८१) या परिपत्रकात, किमान रविवारचा समावेश असलेली साप्ताहिक विश्रांती हा कामगाराचा हक्क मानला आहे. आपल्या धर्मग्रामातील कोणी चालक वा खलाशी म्हणून दूर असेल, तर त्याच्या घरच्या दिवसाचा आपणही मान राखूया.