संकटकालीन समुपदेशक : व्यवसाय आणि वसा

विषप्राशन केलेल्या रुग्णाचे प्राण डॉक्टर वाचवितात. परंतु तो शुद्धीवर आल्यानंतर त्याच्याशी पहिले बोलणे कोणी करावयाचे, हा प्रश्न जळगाव-धुळे परिसरात आजही सुटलेला नाही. नातेवाईक बहुधा पोलिसांच्या धास्तीने गप्प असतात. रुग्णालयाला पोलिसांत नोंद द्यावी लागते, हे खरे. तथापि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते व अन्यथा सिद्ध न झाल्यास तिला शिक्षा होत नाही.

येथे समुपदेशकाचे काम सुरू होते. "मन घट्ट करा" असे सांगणे म्हणजे समुपदेशन नव्हे. "जीव द्यावा असे अजूनही मनात येते का?" हे तो स्पष्टपणे विचारतो. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. उलट रुग्णाला मोकळे वाटते. फवारणीची औषधे घरातून हलविणे, आज रात्री सोबत कोण राहणार हे ठरविणे, पुढील भेटीची वेळ नक्की करणे, ही कामे साधी दिसतात. पण त्यांनीच धोक्याची घटका टळू शकते.

या व्यवसायाचा विचार करणाऱ्या तरुणांनी मानसशास्त्र किंवा समाजकार्य यांतील पदव्युत्तर शिक्षण घ्यावे व नंतर अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करावे. अहिराणी वा लेवा बोली येत असेल, तर तिला आम्ही पदवीइतकेच मोल देऊ. कर्जाची वा घरातील बेबनावाची गोष्ट माणूस पुस्तकी मराठीत सांगत नाही. मात्र स्वतःचे दुःख ताजे असताना या कामात येण्याची घाई करू नये.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते. कुटुंबीयांनी हा क्रमांक जवळ ठेवावा. परंतु खाटेशेजारी बसणारा माणूस दूरध्वनीतून मिळत नाही.

देणगीदारांना यंत्र दिसते, इमारत दिसते. समुपदेशकाचे वेतन दिसत नाही. ऐकून ऐकून तोही थकतो. त्यास नियमित वेतन, ठराविक वेळ आणि आपले मन मोकळे करण्यास एक वरिष्ठ मार्गदर्शक हवा. विश्वस्तांनी अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र तरतूद करावी, अशी आमची विनंती आहे.