समुद्राचा वास फोटोत येत नाही

फिनॉमिनॉलॉजी! नाव ऐकूनच कडक कॉफी मागवावीशी वाटते ना? पण फंडा साधा आहे. एखादी गोष्ट 'खरी' कशी आहे, हा वाद घटकाभर बाजूला ठेवायचा आणि ती आपल्याला कशी जाणवते, तेवढंच नीट बघायचं. एडमंड हुसर्ल या जर्मन तत्त्वज्ञाने 1900-01 मध्ये याचा पाया घातला. वस्तू एका वेळी एकच बाजू दाखवते, बाकीची आपण गृहीत धरतो. हातातल्या कॉफीच्या मगाची पलीकडची बाजू दिसतेय का? तरी मग अर्धाच आहे, असं काही वाटत नाही.

मला हे पटलं ते नवापूरला. बोईसर स्टेशनवरून रिक्षा केली की थेट किनारा. मोबाइलच्या स्क्रीनवर एकदम झकास! फक्त फोटोत वास येत नाही. तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांचं सांडपाणी पाइपलाइनने इथल्याच समुद्रात जातं. वीकएण्डवाल्यांना 'व्ह्यू' दिसतो. मांगेला मच्छीमाराला त्याच पाण्यात भरती दिसते, जाळं दिसतं, डिझेलचा खर्च दिसतो. पाणी तेच, पण त्याची बाजू आपल्याला दिसतच नाही. आणि एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्यांचं नाक तर केव्हाच सरावलेलं असतं. वास तिथेच असतो, जाणवेनासा होतो.

म्हणून मीटर खोटा आणि नाक खरं, असं म्हणायचा मोह होतो. पण जवळच तारापूरचं अणुवीज केंद्र आहे, 1969 पासूनचं. किरणोत्सर्गाला ना रंग ना वास. तिथे मीटरच हवा, बाबा!

हुसर्लची तक्रार वेगळी होती. 1936 मध्ये त्याने लिहिलं की विज्ञानाचे आकडे रोजच्या जगण्यातूनच येतात आणि मग त्यालाच विसरतात. नवापूरच्या बाबतीत मला ही तक्रार शंभर टक्के मान्य आहे. मांगेला समाजाची परिषद 2016 मध्ये हरित लवादाकडे गेली, 2022 मध्ये लवादाने कारखान्यांना भरपाईचा आदेश दिला. एवढी वर्षं! मासळी कमी झाल्याचं जाळं ओढणाऱ्या हातांना किती आधी कळलं असेल?

तिकडे गेलात तर मोबाइल खिशात ठेवा. मासळी विकणाऱ्या मावशींना विचारा, मासे हल्ली किती लांबून आणावे लागतात. आणि हो, त्यांना घाई नसेल तेव्हाच विचारा.