जोत्यापासून आढ्यापर्यंत : महाड-पोलादपूरच्या जुन्या घरांची ओळख

वरंध घाटाच्या पायथ्यापासून महाडपर्यंत आणि दक्षिणेला पोलादपूरपर्यंत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. या भागातले घर पावसासाठी बांधले जाते आणि पावसामुळेच बदलत राहते. दगडी जोते शतकानुशतके टिकते, सागाचा खांब काही पिढ्या पाहतो, मातीची भिंत दरसालच्या डागडुजीवर उभी राहते आणि गवताचे छप्पर वरचेवर नव्याने शाकारावे लागते. त्यामुळे एकाच घरात निरनिराळ्या काळांची कामे एकावर एक चढलेली असतात. दर्शनी भाग पाहून घराचे वय सांगणारा इथे हमखास फसतो. घर खालून वर, एकेक थर वेगळा करून वाचावे लागते.

जोते

या परिसरातला दगड म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण. साध्या शेतकरी घराचे जोते अनघड दगड एकमेकांत बसवून, सांधे मातीने भरून केलेले असते. घडीव चिरे, सरळ थर आणि चुन्याचे दर्जे दिसले, तर ते घर वतनदाराचे, सावकाराचे किंवा पेठेतल्या व्यापाऱ्याचे असण्याची शक्यता मोठी. जोत्याची उंचीही बोलकी असते. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी वसलेल्या महाडात पुराचा विचार करूनच जोते धरावे लागते.

जुन्या जोत्यांचे सर्वांत महत्त्वाचे नमुने महाड तालुक्यातच आहेत. रायगडावरील वाड्यांची आणि बाजारपेठेची जोती, तसेच पायथ्याच्या पाचाडला जिजाबाईंच्या वाड्याची जोती आजही पाहता येतात. मे 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात रायगडावर आग लागली आणि लाकडी बांधकाम जळून गेले. दगड तेवढा उरला. जोत्यावरचे तळखडे, म्हणजे खांबाखाली बसवलेले घडीव दगड, मोजले की खांबांमधले अंतर कळते आणि वरच्या इमारतीचा आराखडा मांडता येतो. गावातल्या पडक्या घरालाही हीच रीत लागू पडते.

जांभा ही वेगळी खूण. त्याच्या खाणी मुख्यतः किनाऱ्याकडे आणि रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. घाटाच्या पायथ्याच्या गावात जांभ्याच्या चिऱ्याची भिंत दिसली, तर ती बहुधा मालमोटारी येऊ लागल्यानंतरची समजावी.

भिंत आणि सांगाडा

सर्वांत साधी भिंत कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधून त्यावर माती-शेणाचा गिलावा करतात. घाटउतारावर कारवीचे रान असल्याने हे साहित्य फुकट मिळे. धनगरवाड्यांत आणि कातकरी वाड्यांत ही पद्धत दीर्घकाळ टिकली. त्यापुढची पायरी मातीच्या जाड भिंतीची आणि नंतर विटांची. मराठेशाहीतल्या विटा पातळ व चपट्या असत. इंग्रजी अमदानीत जाड, ठरावीक मापाच्या विटा रुळल्या. गिलावा निखळलेला कोपरा सापडला, तर हा फरक लगेच दिसतो.

अशा घरात छपराचा भार बहुतांशी लाकडी सांगाडा पेलतो. खांब, त्यावर तुळया, वर आढे, आढ्यापासून उतरणारे वासे आणि वाशांवर रीपा अशी ही रचना. तुळईवर वाकसाने तासल्याच्या उथळ खुणा आणि सांध्यात लाकडी खुंट्या असतील, तर काम जुने. कडा एकसारख्या सरळ, करवतीने कापलेल्या, आणि सांध्यात लोखंडी बोल्ट असतील, तर ते नंतरचे. जुन्या घरातले सागवान काढून नव्या घरात वापरण्याची चाल असल्याने एखादी तुळई घराहून वडील असू शकते. वापरात नसलेली खाच किंवा बुजवलेले भोक तिचा पूर्वेतिहास सांगते.

घाटावरचा वाडा, घाटाखालचे घर

वरंध घाट भोर आणि महाड यांना जोडतो, आणि घाट चढला की घरे बदलतात. देशावरचा वाडा बाहेरून बंद आणि आतल्या चौकाकडे उघडणारा. मोठा दरवाजा, त्यात दिंडी, सुरूदार खांब, महिरपी, तक्तपोशी ही त्याची लक्षणे. कमी पावसाच्या गावांत मातीचे सपाट धाबेही चालते. घाटाखाली सपाट धाब्याचा निभाव लागत नाही. इथले घर अंगणाकडे तोंड करून असते. अंगणात तुळस, मग ओटी, पडवी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि परसू असा क्रम. वर भात आणि गवत साठवायला माळा. छप्पर उतरते, वळचण भिंतीपासून पुढे आलेली. कोकणात सुरूदार खांब आणि चौक दिसला, तर घराण्याचा देशावरच्या दरबाराशी किंवा वतनदारीशी संबंध होता का, ते तपासावे.

छप्पर

छपराचे तीन टप्पे ढोबळपणे ओळखता येतात : गवत किंवा पेंढा, कुंभाराची नळीची कौले आणि मंगळुरी कौले. नळीची कौले वजनाने जड; माकडांनी हलवली की पावसाळ्यापूर्वी चाळावी लागत. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला काढला. ही खाच असलेली सपाट कौले किनारपट्टीने उत्तरेकडे पसरली. महाडकडे येणारी जलवाट बाणकोटच्या खाडीतून दासगाव बंदरापर्यंत होती. डिसेंबर 1927 च्या महाडमधील सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरही याच वाटेने बोटीने आले.

कौल उलटून पाहिले की कारखान्याचा ठसा मिळतो. त्यावर 1865 हा आकडा असला, तरी ते कारखान्याच्या स्थापनेचे साल असते, कौल भाजल्याचे नव्हे. अनेक घरांची वये या एका गैरसमजाने फुगवली जातात.

मुंबईचा पैसा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत गिरण्या वाढल्या आणि कोकणातली माणसे तिकडे गेली. त्यांच्या मनीऑर्डरींनी गावातली घरे बदलली. माडी चढली, पुढे लाकडी कठड्याची गॅलरी आली, वळचणीला कातीव झालर लागली, खिडक्यांना काचा आल्या, कपाळपट्टीवर साल कोरले गेले. मागची चूल आणि माजघर मात्र बहुधा पूर्वीच्याच जागी राहिले. भुईवरूनही काळ लावता येतो. सारवलेल्या जमिनीनंतर शहाबादी फरशी, कोबा आणि रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या आल्या. 1922 मध्ये स्थापन झालेल्या भारत टाइल्सचा कारखाना महाडच्याच जिल्ह्यात, उरणला आहे. अशा लाद्या असलेली ओटी त्या सालाच्या अलीकडची धरायला हरकत नाही.

अलीकडची घरे

सिमेंटच्या स्लॅबने छपराचा उतारच काढून टाकला. पावसाने गळू लागलेल्या स्लॅबवर पुन्हा पत्र्याचे उतरते छप्पर चढलेले गावोगाव दिसते. 1985 पासूनची इंदिरा आवास आणि 2016 पासूनची प्रधानमंत्री आवास योजना यांची छोटी, आटोपशीर घरे हीसुद्धा आता एक शैलीच आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात कौले उडाली आणि अनेकांनी त्यांच्या जागी पत्रे घातले. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते आणि जुलै 2021 मध्ये तळीये इथे दरडींनी घरेच्या घरे गाडली. तिथे जोतीही पाहायला उरली नाहीत.

जुने घर पाडण्यापूर्वी चार गोष्टी तरी नोंदवून ठेवाव्यात : जोत्याचे व तळखड्यांचे माप, तुळयांच्या सांध्यांची छायाचित्रे, कौलांवरचा ठसा आणि खोल्यांचा हाती काढलेला आराखडा. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मधील घरपट्टीची नोंद त्याला जोडली, की घराचा इतिहास बराचसा पुरा होतो. त्यात वय सांगताना एकच नियम पाळावा : सर्वांत जुना पुरावा जोत्यात शोधावा, आणि छपरावरून केवळ शेवटच्या दुरुस्तीचा काळ ठरवावा.