गळ्यातलं अर्धं फुलपाखरू

साताऱ्याला कोयना एक्स्प्रेसमध्ये बसलात, उतरायचंय कराडला. गाडी कराडला न थांबता मिरजेपर्यंत गेली, तिथे वळली आणि मग तुम्हाला कराडला आणून सोडलं. वैतागाल ना? तुमच्या गळ्यात हा वेडा प्रवास जन्मापासून चालू आहे!

स्वरयंत्र हलवणारी नस मेंदूकडून निघते, स्वरयंत्राच्या शेजारून खाली छातीत जाते, महाधमनीला वळसा घालते आणि परत वर येते. ही डावी. उजवी जरा आधी, म्हणजे सांगलीहूनच, माघारी फिरते. जिराफाची नसही याच वाटेने जाते, कित्येक मीटर! परतताना आपल्या या दोन्ही नसा थायरॉइडच्या पाठीला घासून जातात.

थायरॉइड म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅमचं फुलपाखरू. त्याच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉइड ग्रंथी. रक्तातलं कॅल्शियम त्यांच्या हाती. त्या दुखावल्या की बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात.

अशा नाजूक जागी कॅन्सरची गाठ आली तर? फार काळ उत्तर एकच होतं: अख्खं फुलपाखरू काढा. २०१५ साली अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने सांगितलं, एक ते चार सेंटीमीटरची, कमी धोक्याची, ग्रंथीबाहेर न पसरलेली गाठ असेल, तर एकच पंख काढूनही भागू शकतं. पलीकडची नस, पलीकडचे दाणे, कशालाच हात लागत नाही. उरलेला पंख बऱ्याचदा दोघांचं काम एकटा ओढतो! काहींना थायरॉइडची गोळी घ्यावी लागते, पण सगळी ग्रंथी काढली की ती जन्मभर लागतेच.

मग सगळी काढायची कशाला? थायरॉइड आयोडीनची भुकेली. किरणोत्सारी आयोडीन दिलं की पसरलेल्या कॅन्सरच्या पेशी बहुधा ते स्वतःच गिळतात आणि मरतात. ग्रंथी जागेवर असेल तर मात्र ती आधी ताव मारते. म्हणून पसरलेल्या आजारात पूर्ण शस्त्रक्रियाच बरी.

जपानमधल्या कोबेच्या कुमा हॉस्पिटलने तर १९९३ पासून सेंटीमीटरभराच्या कमी धोक्याच्या गाठी न कापता सोनोग्राफीने नुसत्या पाहत राहायचं ठरवलं. बहुतेक वाढल्याच नाहीत!

आपली गाडी जिथे वळली, ती १८९४ साली वॉनलेस हॉस्पिटल सुरू झालेली मिरज तंबोऱ्यांचीही आहे. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे सुरातली गुंज, काढताना तारांखालची घोडी घासायला शिकता येतं. हात कुठे थांबवायचा, ते अवघड. सर्जनचंही तसंच.

थायरॉइडच्या कॅन्सरचा रिपोर्ट घरात आलाच, तर डॉक्टरांना विचारा: गाठ केवढी, ग्रंथीबाहेर गेली आहे का, आणि एक पंख ठेवता येईल का?