टीडीएस किती, मॅडम?

गीझरवाले काका बाथरूममधून बाहेर आले ते हातात माझा हीटिंग एलिमेंट घेऊन. म्हणजे एकेकाळी तो एलिमेंट होता. आता त्यावर पांढऱ्या दगडाचं असं काही जाड कवच चढलं होतं, की कोकणातल्या एखाद्या बीचवरून उचलून आणलाय असं वाटावं. ‘‘बोअरचं पाणी का, मॅडम?’’ काकांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बिल फाडलं. सव्वा वर्षातला दुसरा एलिमेंट!

पुण्याच्या पश्चिम टोकाला, टॉवरमध्ये, बाराव्या मजल्यावर राहते मी. जिम आहे, स्विमिंग पूल आहे, क्लबहाउस आहे. महापालिकेचं पाणी मात्र दिवसातून जेमतेम तासभर. बाकी सगळा कारभार बोअर आणि टँकरवर. डाळ तीन शिट्ट्यांऐवजी सहा शिट्ट्या मागते, शाम्पूला फेस नाही, नळाच्या तोंडावर पांढरी दाढी. शाळेत ‘सुफेन’ आणि ‘दुष्फेन’ पाणी असं घोकलं होतं, त्याचा अर्थ होम लोन घेतल्यावर कळला!

तेवढ्यात वॉटर प्युरिफायर विकणारा एक टायवाला मुलगा दारात हजर. दोन ग्लास घेतले, एकात माझं पाणी, दुसऱ्यात त्याचं ‘प्युअर’. दोन्हीत धातूच्या कांड्या बुडवल्या आणि स्विच ऑन केला. मिनिटभरात माझं पाणी चहासारखं तपकिरी! ‘‘बघा, काय पिताय तुम्ही!’’ आई सोलापूरहून आली होती, ती तर घाबरलीच. मी सायन्सवाली. त्याच्या प्युअर पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हटलं, आता लाव स्विच. तेही तपकिरी झालं. कारण तो रंग घाणीचा नसतोच. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि कांडीतलं लोखंड गंजून पाण्यात उतरतं. बिचारा टाय सैल करत लिफ्टकडे गेला.

पण त्याच्याकडचा टीडीएस मीटर मला भलताच आवडला. मीही एक मागवला आणि मग काय, नादच लागला! घरी ९४०. पेठेतल्या मैत्रिणीकडे, खडकवासल्याच्या नळाच्या पाण्याला ९०. दादरला मावशीकडे त्याहून कमी. यात जादू काहीच नाही. मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा, पुण्याला पानशेत-वरसगाव, नाशिकला गंगापूर. हे सगळं सह्याद्रीवर पडलेलं पावसाचं पाणी, खडकात मुरायच्या आत धरणात अडवलेलं. बोअरचं पाणी मात्र वर्षानुवर्षं काळ्या पाषाणाच्या भेगांत राहून कॅल्शियम, मॅग्नेशियम गोळा करत येतं. अकोला-अमरावती-बुलढाण्याकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यात तर अख्खा खारपाणपट्टाच आहे, जमिनीखालचं पाणी खारट. चंद्रपूर, यवतमाळच्या काही गावांत त्रास वेगळा, तो फ्लोराइडचा. तो जिभेला कळतही नाही.

आता तुम्ही विचाराल, जड पाणी प्यायल्याने होतं काय? भारतीय मानकानुसार लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा उत्तम, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेने तर कठीणपणासाठी आरोग्याची वेगळी मर्यादाच घातलेली नाही. म्हणजे एलिमेंटची वाट लागेल, केस राठ होतील, पण जिवाला घोर नको.

जिवाला घोर लागला तो ९० टीडीएसवाल्या घरात! त्या पेठेतल्या मैत्रिणीला, जिच्या पाण्याचं मी तोंडभरून कौतुक केलं होतं, पावसाळ्यात कावीळ झाली. सहा आठवडे घरी, वजन नऊ किलोने कमी, नवीन नोकरीचं जॉइनिंग हुकलं. त्यांच्या गल्लीत गटाराशेजारची जुनी पाइपलाइन फुटली होती. मी गंमत म्हणून त्या पाण्यात मीटर बुडवला. ९५. मीटर फक्त क्षार मोजतो हो, विषाणू नाही! हे मला ठाऊक होतं आणि तरीही ‘तुझं पाणी मिनरल वॉटरच आहे, उकळतेस कशाला’ असं तिला मीच म्हटलं होतं. ते अजून टोचतं.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या पट्ट्यात, नांदेड-किरकटवाडीकडे, जीबीएसचे पेशंट वाढले. काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि बोट पाण्याकडे गेलं. तेव्हा ऑफिसच्या पँट्रीतही सगळे एकमेकांना टीडीएसच विचारत होते. विचारायचं होतं क्लोरीनचं. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं लागतं. स्वस्तातलं टेस्ट किट मिळतं. थेंब टाकले की पाणी पिवळं झालं पाहिजे. आमच्या टँकरचं झालं नाही.

आरओ घ्यावा का? माझ्याकडे घेतला, ९४० ला इलाज नाही. वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसते. पण मावशीने दादरमध्ये आरओ लावलाय, तो कशासाठी, देव जाणे! ५०० च्या खालच्या पाण्याला आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं. तिथे यूव्ही पुरे, नाहीतर सरळ खळखळून उकळा.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी टाकी धुण्याचा विषय काढला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, ‘‘मॅडम, आधी स्विमिंग पूलच्या टाइल्सचं बघू.’’ मी पिवळं न झालेलं टेस्ट ट्यूब टेबलावर ठेवलं. आता दर तीन महिन्यांनी रविवारी टाकी धुतात. मी गच्चीवर चहा घेऊन उभी असते, बघायला.